शॉर्ट शिफ्टर टाकावा, की नुसते बुश बदलावेत?

आधी एक करून बघा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा आणि तिसरा गिअर टाका. आता नॉब दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. गिअर पडलेला असूनही नॉब सैलपणे दोन-तीन सेंटिमीटर फिरत असेल, तर शॉर्ट शिफ्टरचा, म्हणजे हाताचा प्रवास कमी करणाऱ्या गिअरच्या दांड्याचा, विचार आज बाजूला ठेवा. तुमचे बुश, म्हणजे दांड्याच्या सांध्यांतली रबरी किंवा प्लास्टिकची अस्तरं, गेले आहेत.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. माझ्या दोन सीटच्या जुन्या गाडीत गिअर नक्की कुठे पडतोय ते हाताला कळेनासं झालं होतं. म्हणून मी मिळाला त्यातला सगळ्यात आखूड, थ्रो (गिअर टाकताना नॉबला करावा लागणारा प्रवास) ४० टक्क्यांनी कमी करणारा किट घातला. पहिले चार दिवस हात सारखा दांड्याकडे जायचा. मग थंडी पडली. सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर दारातच अडायचा, गिअरबॉक्स तापेपर्यंत प्रत्येक वेळी दाबून धरावं लागायचं. शेवटी किट काढला आणि मूळ दांडा पहिल्यांदाच उजेडात धरून नीट पाहिला. त्याच्या खालच्या गोळ्यावरची नायलॉनची टोपी एका बाजूने चिरली होती, नखाने दाबली तर तुकडाच हातात आला. नवी टोपी, नवे रबरी बूट (दांड्याभोवतीची रबरी आवरणं), ताजं ग्रीस लावून तोच दांडा परत बसवला. मला जे हवं होतं त्यातलं बहुतेक सगळं त्यातच मिळालं.

लांब थ्रो आणि ढिला दांडा यांचा त्रास हाताला जवळजवळ सारखाच जाणवतो, म्हणून ही गफलत होते. इलाज मात्र वेगवेगळे आहेत.

दांड्याचं गणित

गिअरचा दांडा म्हणजे साधी तरफ. मध्ये पिव्हट (टेकू), वर तुमचा हात, खाली गिअरबॉक्सकडे जाणारं टोक. समजा पिव्हटच्या वर दांडा २४० मिलिमीटर आहे आणि खाली ४८, म्हणजे प्रमाण ५ ला १. खालचं टोक १२ मिलिमीटर सरकवायला नॉब ६० मिलिमीटर हलवावा लागतो. शॉर्ट शिफ्टर खालचा भाग वाढवतो किंवा पिव्हट वर उचलतो. खालचा भाग ६० मिलिमीटर केला की प्रमाण ४ वर येतं आणि नॉबचा प्रवास ४८ मिलिमीटर होतो. थ्रो २० टक्क्यांनी घटला, पण तेवढ्याच कामाला हाताचा जोर २५ टक्क्यांनी वाढला. प्रमाण ३ वर नेलं तर प्रवास ३६ मिलिमीटर, म्हणजे ४० टक्के कमी, आणि जोर ६७ टक्के जास्त. जाहिरातीत फक्त पहिला आकडा छापलेला असतो. दुसरा तुम्हाला दर सिग्नलला मोजावा लागतो.

आता सिंक्रोकडे, म्हणजे गिअरबॉक्समधल्या वेग जुळवणाऱ्या यंत्रणेकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. गिअर पडताना सिंक्रोची रिंग आधी शंकूवर घासून दोन भागांचा वेग जुळवते. तो जुळेपर्यंत ती गिअर अडकवणाऱ्या स्लीव्हला पुढे जाऊच देत नाही. याला लागणारा वेळ वेगातल्या फरकावर, फिरणाऱ्या भागांच्या वजनावर आणि फोर्कवर (स्लीव्ह सरकवणाऱ्या चिमट्यावर) पोचणाऱ्या दाबावर ठरतो. शॉर्ट शिफ्टर यातलं पहिलं-दुसरं काहीच बदलत नाही. उलट हाताचा जोर तोच राहिला तर फोर्कवर पोचणारा दाब कमी होतो. म्हणून थंड तेलात दुसरा गिअर अडतो. शॉर्ट शिफ्टर सिंक्रो खातो असं सर्रास बोललं जातं, ते मला अर्धवट वाटतं. दांडा स्वतः काही खात नाही. अंतर कमी झालंय म्हणून वेळही कमी लागेल अशा समजुतीने हिसका देणारा हात सिंक्रो खातो.

तुमचा दुसरा गिअर आत्ताच घासत असेल, तर यातला कुठलाच सुटा भाग कामाचा नाही. आधी क्लच पूर्ण सुटतोय का ते पाहा, मग गिअर ऑइल. तेलाच्या बाबतीत मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. जिथे जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलंय तिथे ‘वरचा नंबर म्हणजे चांगलं’ म्हणून जीएल-५ ओतू नका. त्यातली जास्तीची गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगना मानवतीलच असं नाही.

तुमच्या गाडीत दांडा कुठे जोडलाय

कुठला पर्याय किती फळेल हे या एका गोष्टीवर ठरतं.

माझदा एमएक्स-५ मध्ये दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो. १९८९ पासूनच्या पहिल्या दोन पिढ्यांत तर दांड्याच्या बुडाशी तेलाची वेगळी छोटी जागा आहे, ती बरेचदा कोरडी पडलेली सापडते. तिथे नवं तेल, नवी टोपी आणि न फाटलेले रबरी बूट एवढ्यानेच दांडा पुन्हा खटकन बसायला लागतो. अशा गाड्यांचा थ्रो मुळातच आखूड असतो. होंडा एस२०००चंही तेच. तिथे आणखी कापाकापी करण्यात मला अर्थ दिसत नाही.

बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या ई३६, ई४६ सारख्या पिढ्यांत दांडा गिअरबॉक्सच्या मागे एका आडव्या कॅरिअरवर (आधाराच्या पट्टीवर) बसतो आणि सिलेक्टर रॉडने गिअरबॉक्सला जोडलेला असतो. म्हणजे झिजायला जागा जास्त: कॅरिअरचे बुश, रॉडची दोन टोकं, गोळ्याचा कप. इथे बुश बदलण्याचा फायदा सगळ्यात मोठा. शिवाय ई३६ वाले बीएमडब्ल्यूच्याच झेड३ चा दांडा वापरतात, म्हणजे कंपनीच्याच भागातून थ्रो थोडा घटतो. खबरदारी एकच: खालचं टोक लांब झालं की ते मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या रबरी डिस्कच्या जवळ येतं. रिव्हर्स धरून सगळ्या गिअरांत तिथली फट डोळ्यांनी पाहा.

दांडा केबलने जोडलेल्या गाड्यांत, म्हणजे पोर्शच्या बॉक्स्टर, केमन आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक हॉट हॅचमध्ये (वेगवान हॅचबॅकमध्ये), पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे या दोन हालचालींना दोन वेगळ्या केबल असतात. काही किट फक्त पुढे-मागचा प्रवास कमी करतात, काही दोन्ही. घेताना हे विचाराच. केबलच्या टोकाचे रबरी बुश जाऊन तिथे घट्ट बुश घातले की फरक लगेच कळतो. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये (९८६) पुढच्या ९८७ चं अख्खं शिफ्टर बसवतात, तो मला या सगळ्या प्रकारांतला सर्वांत समजूतदार उपाय वाटतो: कारखान्यात बनलेला, थोडाच आखूड, आणि त्याच कंपनीचा.

फोर्ड मस्टँगच्या २०११ पासूनच्या एमटी-८२ गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं आहे. तिथे शिफ्टर एका टोकाला गिअरबॉक्सला आणि दुसऱ्या टोकाला बॉडीला धरलेलं असतं. जोरात ॲक्सिलरेट केलं की इंजिन-गिअरबॉक्स आपल्या माउंटवर वळतात, बॉडी वळत नाही, आणि नेमका त्याच क्षणी दांडा आडमुठेपणा करतो. इथे शिफ्टर टाकायचा तो थ्रोसाठी नाही, आधार घट्ट करण्यासाठी.

समोरासमोर ठेवल्यावर

बुश बदलणं: थ्रो तेवढाच राहतो, पण ढिलाई जाते. रबराच्या जागी कंपनीचंच नवं रबर घातलं तर आवाज अजिबात वाढत नाही. त्याहून घट्ट पॉलियुरेथेन घातलं तर थोडा वाढतो, डेलरिन (कडक प्लास्टिक) किंवा पितळ घातलं तर ठराविक आरपीएमला दांड्यातून झिणझिण हाताला येते आणि गिअरबॉक्सची घरघर केबिनमध्ये शिरते. रोजच्या गाडीला मी पॉलियुरेथेनच्या पुढे जाणार नाही.

जड नॉब: हा लोक सर्वांत कमी लेखतात. नुसत्या वजनाने थ्रो एका मिलिमीटरनेही कमी होत नाही, पण स्टीलच्या नॉबचं वजन दांड्याला झोक देतं आणि सिंक्रोचा अडथळा हाताला मऊ लागतो. नॉब आधीच्यापेक्षा खाली बसला तर थ्रोही जरा घटतो. पाच मिनिटांत बसतो, पाच मिनिटांत निघतो. फक्त आटे (व्यास बाय आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) तपासा: साधारणपणे माझदाला १० बाय १.२५, होंडाला १० बाय १.५, टोयोटा-सुबारूला १२ बाय १.२५ असे असतात. चुकीचा नॉब जबरदस्तीने फिरवला तर दांड्याचे आटे जातात. उन्हात उभ्या गाडीत स्टील चांगलंच पोळतं, तेही लक्षात असू द्या.

शॉर्ट शिफ्टर: वरचं दोन्ही करून झालं, गिअर नेमके पडतात आणि तरीही हात लांब जातो असं वाटत असेल, तर आता घ्या. २० ते २५ टक्क्यांचा घ्या. मी आज तोच चालवतो आणि समाधानी आहे. ४० टक्क्यांचा फक्त ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला शोभतो, जिथे तेल गरम असतं आणि अर्धा तास ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा करत मनगट भरून येत नाही.

आखूड थ्रोबद्दलची एक भीती मात्र खरी आहे. बऱ्याच डिझाइनमध्ये आडवी हालचालही त्याच प्रमाणात घटते, म्हणजे गिअरच्या गल्ल्या जवळजवळ येतात. तिसऱ्यावरून चौथा घेताना हात डावीकडे घसरला तर दुसरा पडतो आणि इंजिन मर्यादेबाहेर फिरतं. इंजिनाचा वेग रोखणारा रेव्ह लिमिटर तिथे वाचवत नाही. तो फक्त इंधन तोडतो, आणि इंजिनाला फिरवत असतात ती चाकं. व्हॉल्व्ह वाकायला तेवढं पुरतं. म्हणून दांड्याला मधल्या गल्लीत आणणाऱ्या स्प्रिंग शाबूत असल्याशिवाय आखूड शिफ्टर घालू नये. नवा बसवल्यावरही काही दिवस उघड्या तळहाताने गिअर टाका: चौथ्याला तळव्याने डावीकडे न ढकलता सरळ मागे, मुठीत आवळून नाही.

काही शिफ्टरांत गिअरच्या शेवटी अडणारे स्टॉप बोल्ट असतात. ते नुसते असून उपयोग नाही, सेट करावे लागतात. गिअर पूर्ण बसल्यावर बोल्ट दांड्याला जेमतेम टेकेल असा ठेवा. फार आधी टेकला तर गिअर अर्धवट बसून सुटेल, टेकलाच नाही तर हाताचा सगळा दणका फोर्कवर जाईल.

बसवताना

खालून काम असेल तर चारही जॅक स्टँड, नुसत्या जॅकवर कधीही नाही. एक्झॉस्ट थंड होऊ द्या. दांडा काढला की उघड्या भोकावर लगेच स्वच्छ फडकं टाका. गिअरबॉक्समध्ये पडलेली सर्कलिप (भाग जागी धरणारी स्प्रिंगची कडी) काढायला अख्खा दिवस जातो. खालचा रबरी बूट फाटलेला असेल तर त्याच वेळी बदला, नाहीतर गरम हवा आणि आवाज दोन्ही केबिनमध्ये येतील. मूळ दांडा पुसून, ग्रीस लावून जपून ठेवा: वॉरंटीत गाडी दाखवायची वेळ आली किंवा विकायची झाली तर तो लागतो.

आणि कन्सोल (दांड्याभोवतीचं आवरण) परत बसवायच्या आधी, इंजिन बंद असतानाच, क्लच दाबून रिव्हर्ससकट प्रत्येक गिअर तीन-तीन वेळा टाकून पाहा. रिव्हर्सचं लॉक सुटतंय का, पाचव्या-सहाव्याला दांडा कन्सोलच्या कडेला घासतोय का, मोकळा सोडल्यावर तो मधल्या गल्लीत परत येतोय का. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा करा. सहा स्क्रू नंतर परत काढण्यापेक्षा ही पाच मिनिटं स्वस्त पडतात.