तीन दारांची पोलो जीटीआय: दोन बघितल्या, जास्त पळालेली घेतली

नोव्हेंबर २०१६ मध्ये फोक्सवॅगनची ही गाडी भारतात आली, तीही फक्त ९९. एक्स-शोरूम पंचवीस लाखांच्या वर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपसमोर चहाच्या गाड्यावर त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता. "पंचवीस लाख घ्यायचे आणि दोन दारं कमी द्यायची, हे कसलं?" असं जो तो म्हणत होता. मला नेमकी तीच तीन दारं, बाजूची दोन आणि डिकीचं एक, हवी होती.

२०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षं जागतिक रॅली स्पर्धेत पोलो आर डब्ल्यूआरसी या फोक्सवॅगनच्या रॅली गाडीनं कुणाला डोकं वर काढू दिलं नाही. चारही वर्षं ड्रायव्हरचं विजेतेपद सेबास्तियन ओजिएचं, चारही वर्षं कंपनीचं विजेतेपद फोक्सवॅगनचं. रात्री जागून त्या बर्फातल्या, धुरळ्यातल्या क्लिप बघितलेला माणूस मी. ती गाडी तीन दारांच्या पोलोवर बांधलेली. आपल्याकडे चाकणला बनायची ती पोलो पाच दारांची. जीटीआय परदेशातून पूर्ण तयार होऊन आली. आता, रॅलीची गाडीच रस्त्यावर उतरवली असं कुणी सांगून विकत असेल तर ते खरं नाही. रॅलीवालीचं इंजिन १.६ टर्बो आणि ताकद चारही चाकांना, जीटीआयचं १.८ टर्बो आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. अंगकाठी मात्र तीच. शिवाय ज्या महिन्यात ही आपल्याकडे आली, त्याच महिन्यात फोक्सवॅगननं रॅलीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. जपून ठेवणाऱ्यांना तिची ओढ का, ते यावरून कळेल.

नवी घेणं तेव्हा जमलं नाही. इतक्या वर्षांनी पैसे जमले तेव्हा दोन गाड्या बघितल्या.

पहिली पुण्यातली. फक्त ९ हजार किलोमीटर, कायम कव्हरखाली. रंग असा की त्यात तोंड दिसावं. मी खाली बसून टायर बघितला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथं शेवटी १६. म्हणजे कंपनीतून आलेलेच टायर, रबराला केसासारख्या चिरा, आणि एकाच जागी उभं राहून खालून चपटे झालेले. ब्रेकच्या डिस्कवर गंजाचं कडं. एअर फिल्टरचा डबा उघडला तर उंदरानं आत कापूस भरलेला. मालक सारखे म्हणत होते, "गाडी वापरलीच नाही हो." वाईट वाटलं मला. गाडीचं वाटलं.

दुसरी सांगलीच्या एका डॉक्टरांची, ४१ हजार पळालेली. दर रविवारी पहाटे आंबा घाटापर्यंत जाऊन यायचे. सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेनं लावलेल्या, दोन्ही किल्ल्या, जॅक, टूलकिट जागच्या जागी. सगळ्या काचांवरचे शिक्के एकाच काळातले, म्हणजे एकही बदललेली नाही. चौकटीच्या कापडाची सीट मी हात फिरवून बघितली. या गाडीचं दार लांबलचक, अडचणीच्या जागी पूर्ण उघडत नाही, मग उतरताना माणूस सीटच्या बाहेरच्या कडेवरून घासत उतरतो. तिथं कापडाला नुसती लव आली होती, शिवण पक्की. आकडा खरा आहे हे मला मीटरपेक्षा त्या कडेनं जास्त सांगितलं. एकच डाग: डाव्या दाराखालची पत्र्याची कड कुण्या टायरवाल्यानं भलत्याच जागी जॅक लावून दाबलेली. ती मी तशीच ठेवली आहे.

ताकद १९२ पीएस, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर २५० न्यूटन मीटर. युरोपात मॅन्युअल गिअरच्या याच गाडीला ३२० मिळायचा. आपल्याकडची सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, तीही कोरड्या क्लचची. तिला तेवढा भार झेपत नाही म्हणून टॉर्क आवरलेला. वाचून मन खट्टू होतं, पण वाघबीळवरून पन्हाळ्याकडे वळलात की आकडा विसरायला होतो. पहाटेची वेळ, रस्ता मोकळा. वळणात शिरताना आतल्या चाकाला गाडी स्वतःच हलका ब्रेक लावते आणि नाक आत ओढून घेते. पहिल्यांदा कळत नाही काय झालं, तिसऱ्या वळणाला स्टेअरिंगमधून हाताला जाणवायला लागतं. उसाच्या हंगामात तर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून पुढं चाललेला असतो आणि समोरचा रस्ता जेमतेम दिसतो. तेव्हा पाय दाबला की मागं ट्रॅक्टर आणि पुढं मोकळा रस्ता, मधला काळ फार थोडा.

घरच्या वापराचं म्हणाल, तर आई पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "अरं, मागं चढायचं कसं?" आता ती पुढं बसते आणि आम्ही दोघंच जोतिबाला जातो. गाडी खाली आहे, गल्लीतल्या गतिरोधकांवर तिरकी घ्यावी लागते. पंचगंगेला पूर आला की पाणी ओसरून रस्ता धुऊन निघेपर्यंत ती बाहेर काढत नाही.

घेणाऱ्यानं एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. १.८ टर्बो आणि सात गिअरची डीएसजी ही जोडी आपल्याकडे स्कोडाच्या ऑक्टाव्हियातही होती, त्यामुळे फिल्टर, प्लग, तेल, क्लच यांची माहिती असलेला मेकॅनिक सापडतो. खरी अडचण पत्र्याची आणि काचेची. लांब दार, त्याच्या मागचा पत्रा, बाजूची मागची काच, हे पाच दारांच्या पोलोचं बसत नाही, आणि देशात गाड्याच मुळात मोजक्या. इंजिनचं काम निघालेली पण पत्रा अस्सल असलेली गाडी बिनधास्त घ्या. दारामागच्या पत्र्याला ठोकलेली असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, हात जोडून परत या. विम्याचंही आधी बोलून घ्या. कंपनी सालाप्रमाणे घसारा लावते आणि गाडीची किंमत साध्या जुन्या पोलोच्या रांगेत नेऊन बसवते. मला तीन ठिकाणी फोन करावे लागले.

डॉक्टरांनी किल्ली देताना मागितलं ते एवढंच, "रविवारी हलवत जा." अजून एकही रविवार चुकलेला नाही, पुराचे दोन सोडले तर.

कुणाकडे डाव्या बाजूची मागची काच पडून असेल तर कळवा. माझी धड आहे, पण एक जास्तीची घेऊन वर्कशॉपच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवायची आहे.