मस्ट, हॅव टू, शुड की सपोज्ड टू: कुठे काय वापरायचं?

शाळेत मस्ट म्हणजे 'केलंच पाहिजे' एवढं पाठ करून घेतलं आणि विषय संपला, म्हणून ऑफिसात इंग्रजी बोलताना आपण नेमके इथेच अडखळतो. पण हे फरक मराठीत आहेतच की! 'जावं लागतं' म्हणजे हॅव टू, 'जायला हवं' म्हणजे शुड, आणि 'जायचं होतं (पण राहिलं)' म्हणजे वॉज सपोज्ड टू. आधी मनात मराठी वाक्य नीट धरा, अर्धं काम तिथेच होतं.

मस्ट आणि हॅव टू होकारात बरेचसे सारखे, मस्टमध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह जास्त असतो आणि हॅव टूमध्ये बाहेरची सक्ती, म्हणजे नियम, डेडलाइन, लोकलची वेळ वगैरे. रोजच्या बोलण्यात हॅव टूच जास्त ऐकू येतं, मस्ट पाट्यांवर आणि फॉर्मवर दिसतं (किंवा प्रेमाने, 'यू मस्ट कम होम फॉर डिनर'). भूतकाळात दोघांचंही हॅड टू.

खरा घोळ नकारात आहे. टीममधल्या एका मुलीला ताप होता, मी मेसेज केला 'यू मस्ट नॉट कम टुमॉरो', मला म्हणायचं होतं उद्या नाही आलीस तरी चालेल, आणि तिने वाचलं की उद्या यायचंच नाही, बंदी! ती दिवसभर टेन्शनमध्ये होती, मला अजून वाईट वाटतं. तिथे 'यू डोन्ट हॅव टू कम' हवं होतं. मस्ट नॉट म्हणजे मनाई, डोन्ट हॅव टू म्हणजे गरज नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

शुड म्हणजे सल्ला, त्यात सक्ती नाही. सपोज्ड टू म्हणजे ठरलेलं किंवा अपेक्षित: 'ही इज सपोज्ड टू बी हिअर बाय टेन'. बोलताना त्यातला 'ड' जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून लिहिताना बरेच जण नुसतं सपोज टू लिहितात, ते चूक.

हॅड बेटर मात्र जपून. दिसायला 'केलेलं बरं' असं सौम्य वाटतं पण ऐकणाऱ्याला 'नाहीतर बघ' असं ऐकू येतं. मित्राला 'यू हॅड बेटर हरी अप' (घाई कर) ठीक आहे, क्लायंटला किंवा साहेबांना अजिबात नको, तिथे सरळ 'कुड यू सेंड इट बाय फाइव्ह?' विचारा.