मोबाईलवर मराठी वाचन : काही महिने रीडएरा वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून माझं बरंचसं मराठी वाचन फोनवरच चाललंय, आणि त्यासाठी मी रीडएरा हे ॲप वापरते. अँड्रॉइडवर ते फुकट मिळतं, जाहिराती नाहीत, खातं उघडायची भानगड नाही. ईपब, पीडीएफ, वर्ड, मोबी, डीजेव्हीयू अशा सगळ्या फाइली उघडतात. ॲप मला मनापासून आवडलंय. पण मराठी पुस्तक फोनवर सुखाने वाचता येणार की डोळे फुटणार, हे ॲपपेक्षा फाइलच जास्त ठरवते. त्यामुळे आधी फाइलींबद्दलच लिहिते.

ईपबमध्ये पानाचं माप ठरलेलं नसतं. अक्षर मोठं केलं की ओळी पुन्हा जुळून येतात. पुण्यात वनाझहून मेट्रोत उभ्याने जाताना एका हाताने दांडा धरलेला असतो, तेव्हा फोनवाल्या हाताच्या अंगठ्याने पान उलटता येतं. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून स्वारगेटकडे निघालं की पुढे भुयार. तिथे रेंज असो वा नसो, पुस्तक फोनमध्येच असतं.

चांगली मराठी ईपब फुकटात हवी असतील तर मराठी विकिस्रोत, म्हणजे हक्क संपलेल्या पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय, बघा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मोकळं आहे. विकिस्रोतावर स्कॅनच्या शेजारी मजकूर ठेवून एक जण पान तपासतो आणि मग दुसरा कोणी तेच पान पुन्हा तपासून प्रमाणित करतो. ही मंडळी हे काम एक पैसा न घेता करतात. तिथून पुस्तक थेट ईपब म्हणून उतरवून घेता येतं.

आता पीडीएफ. मराठीतला मोठा खजिना दुर्दैवाने यातच अडकलाय. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानही वर्षानुवर्षं पुस्तकं मोफत वाटतंय, बरीचशी पीडीएफमध्येच. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद असतं आणि फोनचा पडदा पावणेतीन इंचांच्या आसपास. म्हणजे अक्षर छापील पुस्तकाच्या निम्मं होतं. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. निम्म्या आकारात अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, तेही कळत नाही. इथे रीडएराची एक सोय फार कामाला येते : पानाचे समास कापता येतात. दोन्हीकडचा पाऊण-पाऊण इंच गेला की मजकूर उरतो चार इंच, म्हणजे अक्षर छापील पुस्तकाच्या दोन तृतीयांशापर्यंत येतं. एवढं करून फोन आडवा धरला तर अक्षर छापील पुस्तकापेक्षाही मोठं दिसतं. एका वेळी अर्धंमुर्धं पान दिसतं आणि सारखं सरकवावं लागतं, पण वाचता येतं. घरी बाबा असंच वाचतात आणि त्यांची तक्रार नाही.

खरी अडचण त्याच्या पुढची आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी, सगळ्या यंत्रांना कळणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपल्याकडची डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानं जुळवणी, त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्या फाँटांवर चालत राहिली. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. पान दिसायला देखणं असतं, पण आतला मजकूर यंत्राच्या लेखी निरर्थक रोमन अक्षरं. अशा पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही, आणि वाचून दाखवायला सांगितलं तर फोन काहीतरी असंबद्ध बडबडतो. ज्या पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आहे, जिथे श्रीलिपी हे भारतीय भाषांच्या टंकलेखनाचं सॉफ्टवेअर तयार झालं, त्या पुण्यातल्या प्रकाशकांनी तरी आपल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात असं मला फार वाटतं. युनिकोड मजकुरातही एक खोच आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकलेला असतो, दिसायला एकसारखा, पण शोधताना एका तऱ्हेने टंकलं तर दुसऱ्या तऱ्हेचे शब्द निसटू शकतात. शोध रिकामा आला म्हणून तो शब्द पुस्तकात नाहीच असं धरून चालू नका.

वाचून दाखवायची सोय आमच्या आईसाठी सुरू केली. आवाज ॲपचा नसतो, फोनमधल्या स्पीच इंजिनचा असतो; गूगलच्या इंजिनात मराठी आहे, सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज तेवढा उतरवून घ्यायचा. स्वर सपाट आहे, संवाद आणि निवेदन एकाच सुरात येतं. कथेला ते मारक वाटतं. प्रवासवर्णन, चरित्र मात्र आई स्वयंपाक करता करता तासभर ऐकते.

अडलेल्या शब्दासाठी मी ब्राउझरमध्ये शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे कोश उघडून ठेवते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती तिथे आहे आणि दाते-कर्वे यांचा पुण्यात निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही. जुनं गद्य वाचणाऱ्याला याहून मोठी मदत मिळायची नाही.

बाकीचं थोडक्यात. फोनमधल्या सगळ्या पीडीएफ यादीत आपोआप येतात, म्हणून पुस्तकांचे वेगळे संग्रह करून ठेवा. दोन उपकरणांत खुणा जुळवायची सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. रात्री वाचायला काळी पार्श्वभूमी आहे, मला फिकट तपकिरी जास्त मानवते. ई-पुस्तकांच्या दुकानांतून घेतलेली कुलूपबंद पुस्तकं यात उघडत नाहीत. ती त्या त्या दुकानाच्या ॲपमध्येच वाचावी लागतात.

तेव्हा विकतचं मराठी ई-पुस्तक घेण्याआधी नमुन्याची पानं जरूर उतरवा. अक्षराचा आकार वाढवून बघा, ओळी नव्याने जुळल्या पाहिजेत. मग एखाद्या जोडाक्षरी शब्दावर बोट दाबून धरा. शब्द नेमका निवडला गेला तर पैसे खुशाल भरा. अख्खं पान चित्रासारखं हललं तर तेच पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन कागदावर घ्या.