मिरजेतला गायनशिक्षकांचा उन्हाळी वर्ग : शाळेचं वर्ष सरल्यावर

गेल्या मे महिन्यात मिरजेला गायनशिक्षकांसाठीचा निवासी वर्ग केला. आता शाळेची दोन्ही सत्रं संपत आली आहेत, त्यामुळे तिथलं काय टिकलं आणि काय विरून गेलं ते नीट सांगता येईल.

एरवी माझं शिक्षण ऑनलाइनच चालतं. परभणीत शाळा आणि घरचा क्लास सांभाळून विशारद या संगीतातल्या परीक्षेच्या पुढचं शिकायचं तर मला दुसरा मार्ग नाही, आणि त्या शिक्षणाने मला भरपूर दिलंय. बंदिश, रागाचं चलन, परीक्षेचं शास्त्र हे सगळं मोबाइलवरून व्यवस्थित पोहोचतं.

पोहोचत नाही ते एकत्र गाणं. मध्यलयीत मिनिटाला 120 मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. कॉलवर आवाज पाव सेकंद जरी उशिरा आला तरी अर्धी मात्रा गेली. म्हणून ऑनलाइनवर गुरू गातात तेव्हा आपण म्यूट, आपण गातो तेव्हा ते गप्प. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघांनी एकदम येणं तिथे होतच नाही. तंबोऱ्याची तर आणखी गंमत. त्याचा अखंड नाद ॲपला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो कापून टाकतं. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की बरंच सुधारतं, पण फोनच्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, तो कितीसा ऐकू येणार!

मिरजेत दुपारचा वेळ केवळ तंबोरा लावायला ठेवला होता. आधी जोड, म्हणजे मधल्या सा च्या दोन तारा, जुळवायची, मग पंचम, मग खर्ज. खुंटीने जवळपास आणायचं, उरलंसुरलं तारेतल्या मण्याने. त्यानंतर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती) तारेखालचा दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढायची. शिकवणाऱ्या ताईंनी माझ्या तंबोऱ्याचा दोरा केसभर पुढे ढकलला आणि तोवर बद्द वाजणारी खर्जाची तार एकदम खुलली. तिच्यात गंधार, म्हणजे ग, स्पष्ट ऐकू येत होता. या आपोआप उमटणाऱ्या, स्वयंभू गंधारावर मी परीक्षेत टीप लिहिली आहे, मुलांनाही ती लिहून दिली आहे. पण कानाने तो पकडला त्या दुपारी. हार्मोनियमचा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा साधारण 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. दोन्ही लागोपाठ ऐकले की हार्मोनियमचा गंधार टोचायला लागतो.

वर्षभर सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच. जूनपासून सहावी-सातवीच्या मुलांचा पहिला पाव तास मी हार्मोनियम बंदच ठेवते. तंबोरा आणि आकार, म्हणजे नुसत्या ‘आ’वर गाणं, एवढंच. दिवाळीपर्यंत भूप रागातला गंधार बहुतेकांचा आपोआप जागेवर बसायला लागला. मागच्या तुकड्यांना तोच गंधार हार्मोनियमवर दाबून दाबून दाखवावा लागायचा.

दुसरी गोष्ट पाठाच्या सरावाची. गावातली मुलं बोलावली होती आणि आम्ही प्रत्येकाने सगळ्यांसमोर एक पाठ घ्यायचा होता. जागा, म्हणजे गाण्यातला छोटा तुकडा, गाऊन देऊन झाली की शिक्षकाने गप्प राहायचं, मुलाला एकट्याला गाऊ द्यायचं, यावर ताईंचा कटाक्ष होता. शिक्षक सोबत गात राहिला की मूल त्याच्या आवाजाच्या आडोशाला उभं राहतं, आणि नेमकं कुठे घसरलं ते कुणालाच कळत नाही. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांना जुन्या पट्टीत ओढायचं नाही, त्यांची पट्टी दर महिन्याला पुन्हा तपासायची, हेही तिथेच करून दाखवलं. आठवीतली मुलं गाणं सोडतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं असं माझं मत झालंय.

मिरज निवडण्याचं आणखी एक कारण होतं. सतार आणि तंबोरा बनवणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या जुन्या तंबोऱ्याची घोडी तिथेच घासून घेतली. कारागीर घोडीवर दोन-चार हात चालवायचे, तार छेडून ऐकायचे, परत घासायचे. समोर बसून हे बघायला मिळणं हाही माझ्या मते वर्गाचाच भाग होता.

आता तक्रार. रोज सकाळचे दोन तास शास्त्रावरचं व्याख्यान होतं. पलुसकर आणि भातखंडे या स्वरलिपींतला फरक, थाट, रागांचे समय. हे सगळं ऑनलाइन अभ्यासक्रमात आधीच झालेलं. लांबून प्रवास करून, शाळेची सुट्टी खर्ची घालून आलेल्या शिक्षकाला पुन्हा तेच लिहून घ्यायला लावणं मला अजिबात पटलं नाही. त्यातून आम्ही तीसेक जण आणि लावण्याजोगे तंबोरे चार. ज्यांनी स्वतःचा आणला नव्हता ते निम्मा वेळ बघत बसले. तबलजी फक्त संध्याकाळी यायचे, म्हणून दिवसा सगळं ॲपच्या ठेक्यावर, जे घरीही होतंच. आयोजकांना हे लेखी कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

तरीही पैसे वसूल झाले का, तर हो. मात्र राग नव्याने शिकायला म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, ते घरी बसून जास्त चांगलं होतं. शिकवण्याचं काम करत असाल आणि तंबोरा स्वतः लावता येत नसेल तर नक्की जा. फी भरण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा : माणशी किती तंबोरे असतील, आणि प्रत्येकाला मुलांसमोर पाठ घ्यायला मिळेल का. यंदाही मी मे महिन्यात जाणार आहे, पण पंधराएक जणांचीच तुकडी घेणारा आणि दिवसभर तबल्याची साथ असलेला वर्ग शोधते आहे.