दोन दिवसांची सुट्टी: महाबळेश्वर की वेताळ टेकडी?

पुण्याहून महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर. पण शनिवार-रविवारात जायचं तर शुक्रवारी रात्री जागून काम संपवा, पहाटे मुलांना झोपेतून उठवा, खंबाटकी आणि पसरणी घाटात गाड्यांमागे थांबा आणि मग दुपारी एकामागून एक पॉइंट उरका. रविवारी जेवण होतंय तोच परतीची घाई, कारण संध्याकाळी हायवे तुंबायच्या आत घर गाठायचं असतं. निवांत व्हायला गेलेली माणसं दोन दिवस घड्याळच बघत राहतात, सोमवारी आणखी दमलेली दिसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेताळ टेकडी शहरातच आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच. कोथरूड, पाषाण, लॉ कॉलेज रोड, कुठूनही चढता येतं. माथ्यावर वेताळाचं देऊळ, जवळच जुनी दगडखाण, आणि नशीब असेल तर मोर. बुकिंग नाही, बॅग भरणं नाही. झोप पुरी करून निघालात तरी काही बिघडत नाही (मे महिन्यात मात्र उन्हाआधी उतरा).

गारवा आणि दाट जंगल टेकडीवर मिळणार नाही, हे खरं. क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर तर सावकाश बसून बघण्यासारखं आहे. म्हणूनच तिथे चार दिवस सलग रजा मिळाली की जावं, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. फक्त शनिवार-रविवार हाताशी असेल, तर मी टेकडीच निवडेन.