विज्ञान किट की स्वयंपाकघर?

वहिनीने विचारलं, "शाळेत स्थायू-द्रव-वायू सुरू झालंय, याला विज्ञान किट घेऊ का?" पुतण्या सात वर्षांचा आहे.

खर्चाचं सरळ आहे. किटला शेकड्यांत पैसे जातात. बर्फ, मीठ, साखर, फुगा घरातच असतात. शिवाय किटमधली पुडी एकदा वापरली की प्रयोग संपला. मेहनतीत मात्र किट उजवं. सगळं मोजून ठेवलेलं असतं, दमून घरी आलेल्या आईबाबांना हा मोठाच आधार.

माझ्यासाठी खरा निकष एकच, मूल स्वतः विचार करतं का? किटच्या पुस्तिकेत बहुतेकदा उत्तर आधीच छापलेलं असतं. घरी स्टीलच्या पेल्यात हळदीचं पाणी घ्या, बर्फ टाका. थोड्या वेळाने पेल्याला बाहेरून घाम फुटतो. "पेला गळतोय," असं मूल म्हणेल. लगेच समजावू नका. "मग थेंब पिवळे का नाहीत?" एवढंच विचारा आणि थांबा. शेजारी बर्फाशिवायचा पेला ठेवला, की हवेतल्या बाष्पापर्यंत ते हळूहळू स्वतःच पोचतं. (कोरड्या हवेत थेंब कमी दिसतील, हा प्रयोग पावसाळ्यात करा.) मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमातही साध्या, स्वस्त साहित्यातून मुलांनीच प्रयोग करण्यावर भर होता.

आठ-नऊ वर्षांपर्यंत, आणि सोबत बसणारं कुणी असेल तर, स्वयंपाकघरच. मूल मोठं असेल, भिंग, चुंबक, तापमापक हवे असतील किंवा तयारीला वेळच नसेल, तर किट घ्या. पुस्तिका तेवढी प्रयोगानंतर उघडा.