माचू पिचू: एका दिवसात उरकायचं की पायथ्याशी मुक्काम करायचा?

माचू पिचू म्हणजे पेरूमधल्या डोंगरावरच्या इंका नगरीचे अवशेष. कुस्को शहरातून तिथे एका दिवसात जाऊन येता येतं. पण हिशेब बघा: ओयांताइताम्बोपर्यंत गाडीने सुमारे दोन तास, पुढे पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावापर्यंत रेल्वेने दीड-दोन तास, मग वर जायला बसने अर्धा तास. परतीचाही तेवढाच. प्रत्यक्ष अवशेषांत जेमतेम अडीच तास मिळतात. तिकिटावर प्रवेशाची वेळ आणि मार्ग ठरलेला असतो. रेल्वे चुकली तर ती वेळ हुकते.

आग्वास कालिएन्तेसमध्ये रात्र काढली की पहाटेची बस पकडता येते. सकाळी अनेकदा दाट धुकं असतं, त्यामुळे अगदी पहिली वेळ घेण्यापेक्षा आठ-नऊची बरी. कोंडोर (एक मोठं गिधाड) मंदिरात जमिनीवरच्या दगडात कोरलेली चोच आणि गळपट्टी, मागे पंखांसारखे उठलेले नैसर्गिक खडक, हे घाईत नजरेतून सुटतं. तिथे थांबाच, मात्र तिकिटाच्या मार्गात ते येतंय ना, हे आधी तपासा.

अवशेषांमागचं वायना पिचू शिखर चढायचं असेल तर मुक्कामच हवा. त्याचं तिकीट वेगळं. स्वच्छतागृह प्रवेशद्वाराबाहेरच आहे, तिथे जाऊनच आत शिरा. मूळ पासपोर्ट मात्र दोन्ही बेतांत लागतोच.